अळी केव्हा जागी होते? : कृमींमधले संप्रेरक-ग्राही आणि नव्या औषधांचा शोध



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण दर वर्षी जमतो ते पशुवैद्यक होते. परजीवीशास्त्र शिकवताना त्यांचा एक आग्रह असे: कृमीचं नाव नंतर सांगा, आधी त्याचं वर्षभराचं वेळापत्रक सांगा. तो चैत्रात कुठे असतो, श्रावणात कुठे असतो, अंडी केव्हा घालतो, केव्हा गप्प राहतो. आजच्या विषयात जनुकं आहेत, संप्रेरकं आहेत, प्रथिनांच्या त्रिमित रचना आहेत. तरीही मी सरांच्या प्रश्नावरूनच बोलणार आहे, कारण या शोधाचं मूळ एका वेळापत्रकात आहे आणि ते वेळापत्रक पश्चिम बंगालमधल्या खेड्यांत लक्षात आलं.

अंकुशकृमी आपल्या सगळ्यांना ऐकून माहीत आहे. उघड्यावर पडलेल्या विष्ठेतली त्याची अंडी ओल्या मातीत फुटतात, अळी दोनदा कात टाकून तिसऱ्या अवस्थेला पोचते आणि अनवाणी तळव्याच्या कातडीतून आत शिरते. तिथून रक्त, फुप्फुस, श्वासनलिका, घसा असा प्रवास करत ती आतड्यात येते, आतड्याच्या भिंतीला तोंड रोवते आणि रक्त पिऊ लागते. नेहमीच्या संसर्गात हा प्रवास आणि वाढ पाच ते आठ आठवड्यांत पुरी होते आणि नवी अंडी विष्ठेत दिसू लागतात.

बंगालमध्ये गेरहार्ड शाड, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनचे ए. बी. चौधरी आणि त्यांचे सहकारी यांना हे गणित जुळेना. कोरड्या, तापलेल्या मातीत अळी जगत नाही, म्हणजे उन्हाळ्यात नवा संसर्ग जवळजवळ थांबतो. मग पावसाळ्याच्या आधी लोकांच्या विष्ठेतली अंडी वाढतात ती कुठून? 1973 साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी उत्तर मांडलं. अँसिलोस्टोमा ड्युओडिनेल या जातीच्या कितीतरी अळ्या पावसाळ्यात शरीरात शिरतात आणि वाढच थांबवतात. महिनोन् महिने त्या माणसाच्या शरीरात निजून राहतात. मृगाच्या तोंडावर पेरणीची तयारी करणाऱ्या शेतकऱ्यासारख्या त्या पुढचा पाऊस जवळ आला की उठतात, प्रौढ होतात आणि माती ओली असेल नेमक्या त्याच दिवसांत अंडी घालतात. याच गटातल्या एका संशोधकानं हा कृमी स्वतःच्या शरीरात घालून घेतला आणि त्या संसर्गाचा वृत्तांत 1974 साली छापला. अंडी दिसायला नेहमीच्या आठवड्यांऐवजी कितीतरी महिने लागले.

या निरीक्षणाचं महत्त्व आपल्याकडे पुरेसं ओळखलं गेलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. परजीवी म्हटला की तो सतत खातो, सतत वाढतो, सतत त्रास देतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्याच्या आयुष्याचा फार मोठा भाग थांबण्यात जातो. आम्हा पशुवैद्यकांना हे रोजच्या कामातून ठाऊक आहे. कुत्रीच्या स्नायूंत अंकुशकृमीच्या अळ्या कित्येक महिने पडून असतात. ती गाभण राहिली की त्या हलतात आणि दुधावाटे पिल्लांत जातात. आठ-पंधरा दिवसांचं पिल्लू रक्तक्षयानं मरतं तेव्हा मालकाला कळत नाही की हा संसर्ग आईनं कधीचा बाळगलेला होता. मेंढी व्याली की तिच्या लेंड्यांतली अंडी एकदम वाढतात, आणि नेमकी त्याच वेळी नवी कोकरं त्या कुरणात चरायला शिकत असतात. कृमी यजमानाच्या शरीरातले बदल ओळखतो आणि त्यावर निर्णय घेतो. प्रश्न उरतो की तो निर्णय घेतो कशानं.

उत्तर मिळालं ते एका निरुपद्रवी कृमीत. सीनॉर्‍हॅब्डायटिस एलेगन्स हा जेमतेम एक मिलिमीटरचा सूत्रकृमी कुजणाऱ्या पालापाचोळ्यात जिवाणू खाऊन राहतो. सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिजमध्ये त्याला प्रयोगशाळेत आणलं. त्याच्या शरीरातल्या 959 पेशींपैकी प्रत्येकीचा जन्म शोधला गेला, आणि 1998 साली संपूर्ण जनुकसंच वाचला गेलेला तो पहिला बहुपेशीय प्राणी ठरला. या कृमीला अन्न कमी पडलं, गर्दी झाली किंवा उष्णता वाढली की त्याची अळी एका वेगळ्याच वाटेनं जाते. तोंड बंद होतं, कातडी जाड होते, अंगात चरबी साठते, खाणं थांबतं. या अवस्थेला दाउअर म्हणतात. एरवी दोन-तीन आठवडे जगणारा हा कृमी दाउअर होऊन काही महिने काढतो, आणि अन्न मिळालं की पुन्हा वाढू लागतो.

आता अंकुशकृमीची तिसऱ्या अवस्थेतली अळी आठवा. तीही खात नाही, तिचंही तोंड बंद, तिच्याही अंगात साठवलेली चरबी, आणि यजमान मिळेपर्यंत तीही वाट पाहते. दोघींतलं हे साम्य जुन्या परजीवीतज्ज्ञांच्याही नजरेत आलं होतं. ते साम्य वरवरचं आहे की मुळातलं, हे ठरवायला जनुकांपर्यंत जावं लागलं.

दाउअर न होणारे किंवा विनाकारण दाउअर होणारे उत्परिवर्ती कृमी गोळा करून संशोधकांनी एकेक जनुक हुडकलं आणि त्यांना 'डॅफ' या नावानं क्रमांक दिले. त्यातलं डॅफ-12 हे जनुक केंद्रकीय ग्राही बनवतं. केंद्रकीय ग्राही हे पेशीच्या आतलं प्रथिन असतं. त्याचा एक भाग डीएनएला धरतो आणि दुसऱ्या भागात एक खोबण असते. योग्य संप्रेरक त्या खोबणीत बसलं की प्रथिनाचा आकार बदलतो आणि जनुकांचा एक मोठा गट चालू किंवा बंद होतो. आपल्या शरीरात असे 48 ग्राही आहेत. इस्ट्रोजेन, कॉर्टिसोल, थायरॉइडचं संप्रेरक आणि ड जीवनसत्त्व त्यांच्याच मार्फत काम करतात. सीनॉर्‍हॅब्डायटिसमध्ये ते 270 हून अधिक निघाले, पण त्यांपैकी बहुतेकांच्या खोबणीत काय बसतं याचा उलगडा झालेला नाही.

डॅफ-12 च्या खोबणीत काय बसतं ते 2006 साली डॅलसच्या डेव्हिड मँगल्सडॉर्फ यांच्या गटानं आणि अ‍ॅडम अँटेबी यांच्यासह इतरांनी शोधून काढलं. ते कोलेस्टेरॉलपासून बनणारं स्टेरॉइडसारखं आम्ल आहे, डॅफाक्रोनिक आम्ल. सूत्रकृमींना कोलेस्टेरॉल स्वतः बनवता येत नाही, ते अन्नातूनच मिळवावं लागतं. अन्न भरपूर असेल तर हे आम्ल तयार होतं, डॅफ-12 मध्ये बसतं आणि अळी वाढीच्या वाटेला लागते. आम्ल नसेल तर रिकामा डॅफ-12 वाढीची जनुकं दाबून ठेवतो आणि अळी दाउअर होते. म्हणजे कृमीच्या वाढीची वेळ ठरवणारा रेणू हाती आला.

पुढचा प्रश्न उघड होता, आणि तो विचारणाऱ्यांत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यक विद्याशाखेचे जेम्स लोक होते. बंगालमधलं काम करणारे शाड पुढे याच विद्यापीठात होते आणि जेम्स लोक त्यांचे सहकारी. शेतातल्या निरीक्षणापासून रेणूपर्यंतची ही साखळी मला फार मोलाची वाटते. 2009 साली डॅलस आणि पेनसिल्व्हेनियाच्या गटांनी मिळून दाखवलं की स्ट्राँगिलॉइडस स्टर्कोरॅलिस, अँसिलोस्टोमा आणि नेकेटर या परजीवींमध्ये डॅफ-12 आहे, तो डॅफाक्रोनिक आम्लाला प्रतिसाद देतो, आणि हे आम्ल दिलं की यजमान नसतानाही तिसऱ्या अवस्थेतली निजलेली अळी उठते. त्यांनी स्ट्राँगिलॉइडसच्या डॅफ-12 ची खोबण, आत आम्ल बसलेल्या स्थितीत, स्फटिकशास्त्रानं अणूअणूपर्यंत पाहिली. औषध बनवणाऱ्याला यापेक्षा चांगला नकाशा सुरुवातीला क्वचितच मिळतो.

स्ट्राँगिलॉइडसविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण या शोधाची खरी गरज तिथे आहे. 1876 साली लुई नॉर्मां या फ्रेंच नौदलातल्या डॉक्टरला इंडोचीनहून परतलेल्या, जुलाबानं बेजार सैनिकांत हा कृमी दिसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं आज जगात सुमारे 60 कोटी लोकांत तो आहे. त्याची एक खोड इतर आतड्यांतल्या कृमींत सहसा सापडत नाही. त्याच्या अळ्या शरीराबाहेर न जाता आतड्यातच संसर्गक्षम होतात आणि त्याच माणसाला पुन्हा बाधतात. त्यामुळे संसर्ग एकदा झाला की दशकानुदशकं टिकतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-सयाम रेल्वेवर राबवलेल्या ब्रिटिश युद्धकैद्यांत हा कृमी तीस वर्षांनंतरही जिवंत सापडला.

माणूस धडधाकट असेपर्यंत हे ओझं मुकाट असतं. पण त्याच माणसाला दमा, संधिवात, कर्करोग किंवा अवयवरोपणासाठी स्टेरॉइड सुरू झालं की अळ्यांची संख्या भडकते. त्या आतडं फोडून फुप्फुसांत, यकृतात, मेंदूत पसरतात आणि सोबत आतड्यातले जिवाणू रक्तात नेतात. असे रुग्ण उपचार मिळूनही मोठ्या संख्येनं दगावतात. 1992 साली रॉबर्ट जेंटा यांनी एक शक्यता मांडली की आपण दिलेलं स्टेरॉइड फक्त रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी करत नाही, ते कृमीच्याच संप्रेरकाची नक्कल करून अळीला थेट इशारा देत असावं. ही कल्पना अजून वादात आहे. पण कृमीकडे संप्रेरक ऐकणारे ग्राही आहेत हे कळल्यावर ती हसण्यावारी नेता येत नाही. कोविडच्या काळात डेक्सामेथॅसोन या स्टेरॉइडचा वापर एकदम वाढला तेव्हा स्ट्राँगिलॉइडसच्या प्रदेशांतून आलेल्या रुग्णांना आधी आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक द्या, असा सल्ला वैद्यकीय नियतकालिकांतून दिला गेला तो स्टेरॉइडनं अळ्या भडकण्याच्या या धोक्यामुळेच.

मग डॅफाक्रोनिक आम्ल इथे काय करू शकेल? संसर्गक्षम होण्याच्या बेतात असलेल्या अळीला ते चुकीच्या वेळी मिळालं तर ती त्या वाटेला जातच नाही, आणि आतल्या आत होणारा पुनःसंसर्ग तुटतो. 2021 साली स्ट्राँगिलॉइडसनं बाधित जर्बिल उंदरांवर हा प्रयोग झाला. आम्लानं कृमींचं ओझं कमी केलं, आणि आयव्हरमेक्टिनच्या जोडीनं दिल्यावर एकट्या आयव्हरमेक्टिनपेक्षा परिणाम जास्त झाला. माणसात हे अजून झालेलं नाही.

हत्तीरोगाच्या कृमींची गोष्ट निराळी आहे, आणि विदर्भात बसून ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत हत्तीपाय झालेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. यावरचं मुख्य औषध, डायइथाइलकार्बामाझिन, 1947 साली अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली पुढे आलं. भीमावरमला जन्मलेल्या या शास्त्रज्ञानं दिलेलं औषध आज पाऊणशे वर्षांनंतरही आपण वापरतो आहोत. जानेवारी 2019 मध्ये नागपूर जिल्ह्यात त्यासोबत आयव्हरमेक्टिन आणि अल्बेंडाझोल अशी तीन औषधं एकत्र देण्याची मोहीम सुरू झाली. देशात ती सर्वांत आधी घेणाऱ्या जिल्ह्यांत आपला जिल्हा होता. या गोळ्या रक्तातल्या सूक्ष्म अळ्या झपाट्यानं घटवतात. लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षं जगणारे प्रौढ कृमी मात्र त्यांना पुरते दाद देत नाहीत, म्हणून मोहीम पुन्हा पुन्हा राबवावी लागते.

ब्रुगिया मलायी या हत्तीरोगाच्या कृमीचा जनुकसंच 2007 साली प्रसिद्ध झाला. 2010 साली त्यात एक असा ग्राही सापडला जो सीनॉर्‍हॅब्डायटिसमध्ये नाहीच: एकडायसोनचा ग्राही. एकडायसोन हे कीटकांना कात टाकायला लावणारं संप्रेरक. आदर्श म्हणून ज्या कृमीचा आपण इतका अभ्यास केला त्यानं उत्क्रांतीच्या ओघात हा ग्राही गमावला, आणि परजीवीनं तो जपला. सगळं एकाच प्राण्यावर शिकून भागत नाही, परजीवी हातात घेऊनच तपासावा लागतो, हे माझ्या तरुण मित्रांनी यातून लक्षात घ्यावं.

माणसात हा ग्राही नाही, ही औषधाच्या दृष्टीनं सर्वांत मोठी जमेची बाजू. शेतीशास्त्र या वाटेनं आधीच गेलेलं आहे. मेथॉक्सीफेनोझाइडसारखी डायअ‍ॅसिलहायड्राझिन वर्गातली कीटकनाशकं अळीच्या एकडायसोन-ग्राहीला चिकटतात, तिला अकाली कात टाकायला लावतात आणि त्यातच ती मरते. फ्लोरिडातल्या एका गटानं 2016 साली ब्रुगियाच्या ग्राहीचा खोबणीचा भाग मानवी पेशींत बसवून अशा रेणूंची चाचणी केली, आणि सात रेणू अगदी अल्प प्रमाणातही काम करणारे निघाले. बाधित जर्बिलना एकडायसोन दिल्यावर अळ्यांची प्रौढ होण्याची प्रक्रिया बिघडली. एकडायसोनसारख्या दोन वनस्पतिजन्य रेणूंनी प्रौढ माद्यांना त्यांच्या पोटातल्या अपक्व अवस्था वेळेआधीच बाहेर टाकायला लावलं. जनन बिघडवणारं औषध मिळालं तर गोळ्यांच्या फेऱ्या कमी होतील. एवढ्यासाठीही या वाटेवर पैसा आणि माणसं लावायला हवीत.

आता अडचणी. लक्ष्य सापडलं म्हणजे औषध सापडलं असं वर्तमानपत्रं लिहितात, आणि त्यानं नुकसान होतं. संप्रेरक शरीरात किती टिकेल, तोंडानं दिलं तर आतड्यातून रक्तात आणि रक्तातून कृमीच्या जाड कातडीतून किती आत जाईल, आपल्या 48 ग्राहींपैकी कुणाला ते चुकून छेडेल का, या प्रत्येक प्रश्नावर वर्षं जातात. शिवाय वेळेची अट आहे. वाढ बिघडवणारं औषध वाढणाऱ्या अवस्थेलाच लागू पडतं. निजलेल्या अळ्यांवर आपली आजची औषधं कमी चालतात, हा गुरांमधला जुना अनुभव आहे. त्यांना आधी संप्रेरकासारख्या रेणूनं उठवायचं आणि मग नेहमीचं औषध द्यायचं, ही जोडी मला सर्वांत आशेची वाटते. पण एकदम उठलेल्या हजारो अळ्या त्या जनावराचं काय करतील हेही आधी पाहावं लागेल.

आणि पैशाचा प्रश्न. ज्यांना हे रोग होतात ते औषध विकत घेऊ शकत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी औषध शोधण्यात बाजाराला रस नसतो. इथे मार्ग जनावरांतून निघतो असं इतिहास सांगतो. जपानमधल्या मातीतून सातोशी ओमुरा यांनी वेगळ्या केलेल्या जिवाणूपासून आयव्हरमेक्टिन आलं, विल्यम कँबेल यांनी त्याचं काम दाखवलं, आणि 1981 साली ते आधी जनावरांसाठी बाजारात आलं. माणसांसाठी ते 1987 पासून फुकट वाटलं गेलं. दोघांना 2015 चं नोबेल मिळालं. मेंढ्यांमधला हिमोंकस कृमी आज आपल्या धनगरांचं मोठं नुकसान करतो. एक कृमी दिवसाला सुमारे 0.05 मिलिलिटर रक्त पितो, म्हणजे हजार कृमी बाळगणारी मेंढी दिवसाला 50 मिलिलिटर रक्त गमावते. थायाबेंडाझोल 1961 साली आलं आणि 1964 साली त्याला न जुमानणारा हिमोंकस नोंदवला गेला. नंतरच्या जंतनाशकांच्या वर्गांचंही पुढेमागे तेच झालं. या हिमोंकसमध्येही डॅफ-12 आणि डॅफाक्रोनिक आम्ल आहे, हे 2019 साली छापून आलं आहे. मेंढीसाठी औषध शोधलं तर ते विकलं जाईल, आणि त्याच रेणूवरून माणसाच्या औषधाकडे जाता येईल.

यातलं किती काम आपल्याकडे होण्यासारखं आहे? पुष्कळ. कळप आपल्याकडे आहेत, कृमी आपल्याकडे आहेत, पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, आणि सेवाग्रामसारख्या ठिकाणी हत्तीरोगाच्या निदानावर दशकानुदशकं काम झालं आहे. स्ट्राँगिलॉइडसमध्ये आता क्रिस्परनं जनुकं कापता येतात, म्हणजे एखादा ग्राही खरंच लागतो का हे परजीवीतच तपासता येतं. पण आमच्या विभागांत ज्याला कृमी ओळखता येतो त्याला जनुक हाताळता येत नाही, आणि ज्याला जनुक हाताळता येतं त्यानं मेंढीची लेंडी कधी तपासलेली नसते. विदर्भातल्या किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या मेंढ्यांत हिमोंकस कोणत्या महिन्यात निजतो आणि कोणत्या महिन्यात उठतो, याची वर्षानुवर्षांची नोंद प्रत्येक तालुक्यात व्हायला हवी. त्या नोंदीशिवाय वाढीची वेळ बिघडवणारं औषध केव्हा द्यायचं हे कुणालाच सांगता येणार नाही.

औषध नसतानाही रोग हटवता येतो हे आपण नारूच्या बाबतीत करून दाखवलं आहे. पाणी गाळून प्यायलं, पायऱ्यांच्या विहिरींत उतरणं थांबवलं, रुग्ण शोधले. 1996 नंतर देशात नारूचा रुग्ण नाही आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. अंकुशकृमीला शौचालय आणि चप्पल आजही सर्वांत जास्त अडवतात. पण जो कृमी एकदा शिरला की आतल्या आत तीस वर्षं राहतो, त्याला चप्पल बाहेर काढू शकत नाही. त्याच्यासाठी रेणूच शोधावा लागेल.

सभागृहात डॉक्टर मंडळी पुष्कळ आहेत. त्यांना माझी एक विनंती आहे, आणि तिच्यासाठी नव्या औषधाची वाट पाहायला नको. भातशेतीत, वीटभट्टीवर किंवा अनवाणी काम केलेल्या माणसाला दीर्घकाळ स्टेरॉइड सुरू करण्याआधी त्याची विष्ठा स्ट्राँगिलॉइडससाठी तपासा. एकदा तपासून अळी दिसली नाही तर पुन्हा तपासा, कारण ती थोड्या संख्येनं आणि अनियमित बाहेर पडते. तपासणीची सोय नसेल आणि शंका असेल तर आधी आयव्हरमेक्टिन द्या. आणि माझ्या पशुवैद्यक विद्यार्थ्यांना सांगणं असं की येत्या जूनपासून एक कळप निवडा आणि दर महिन्याला लेंड्यांतली अंडी मोजून लिहून ठेवा.